'पीआयडी' दिसलं की एन७३.९ लावून मोकळं व्हायचं का?

रानजाई
नमस्कार मंडळी. मी पुण्यात मेडिकल कोडर आहे, तीन वर्षं झाली. अमेरिकेतल्या इस्पितळांच्या इमर्जन्सीचे चार्ट आमच्याकडे येतात. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि आजाराला आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आजारांच्या कोडच्या अमेरिकी पुस्तकातला कोड लावायचा, हे आमचं काम. मागच्या आठवड्यात एका चार्टवर मला एरर पडली (म्हणजे आमचं काम तपासणाऱ्या ऑडिटरने चूक काढली) आणि ती काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

चार्ट असा होता (ओळख पटेल असं सगळं काढलंय, तपशीलही थोडे बदललेत). पंचविशीतली बाई. चार दिवस ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, अंगावरून जातंय. आतून तपासताना गर्भाशयाचं तोंड जरा हलवलं तरी कळ येते. सोनोग्राफीत पू साठलेला दिसला नाही. गोनोरिया आणि क्लॅमिडियाची टेस्ट पाठवली, रिपोर्ट यायचा आहे. सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन दिलं, डॉक्सीसायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल १४ दिवस लिहून दिलं आणि घरी पाठवलं. शेवटी डॉक्टरांनी लिहिलेलं निदान: 'ॲक्यूट पीआयडी. रूल आउट ट्यूबो-ओव्हेरियन ॲब्सेस.' म्हणजे ओटीपोटातल्या जननेंद्रियांचा नव्याने झालेला दाह (पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज), आणि नलिका-बीजांडकोशात पू साठल्याची नुसती शंका.

मी लावला एन७३.९, म्हणजे 'स्त्रीच्या ओटीपोटाचा दाह, तपशील नाही'. जोडीला पोटदुखीचा आर-कोड, म्हणजे लक्षणाचा कोड. ऑडिटरने दोन्ही कापले आणि लिहिलं ए५६.११. म्हणजे क्लॅमिडियामुळे झालेली पीआयडी. कारण काय, तर 'औषधं बघा, डॉक्सी दिलंय.'

माझा एन७३.९ चुकला असेलही, मी वाद घालत नाही. पण टेस्टचा रिपोर्ट आलेला नसताना त्या बाईच्या कागदावर लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजाराची नोंद आपण कशी करायची? रिबटल (ऑडिटरच्या निर्णयावर लेखी हरकत) टाकायला दोन दिवस आहेत. जाणकारांनी कृपया सांगा.

हिरवाचाफा
मी नाशिकला सीपीसीच्या, म्हणजे मेडिकल कोडरच्या अमेरिकी प्रमाणपत्राच्या परीक्षेची तयारी करतेय. आम्हाला क्लासमध्ये पीआयडी म्हणजे एन७३.९ असंच पाठ करून घेतलंय. १०० प्रश्न, ४ तास. पुस्तक जवळ ठेवायची मुभा असली तरी दर वेळी इंडेक्स उघडायला वेळ कुठे असतो? त्यामुळे मीही हेच उत्तर लिहिलं असतं. वाचतेय.

गोदाकाठ
रानजाई, तुमचंही चुकलंय आणि ऑडिटरचंही. ऑडिटरची चूक जास्त मोठी आहे.

आधी तुमची. इंडेक्समध्ये 'डिसीज'खाली 'पेल्व्हिस', त्याखाली 'इन्फ्लमेटरी' अशी वाट आहे. तिथे नुसतं थांबलात तर एन७३.९. पण त्याच्याच खाली एक पायरी आत 'ॲक्यूट' आहे आणि ती एन७३.० ला नेते. 'क्रॉनिक' एन७३.१ ला. तुमच्या डॉक्टरांनी 'ॲक्यूट' हा शब्द स्पष्ट लिहिलाय. म्हणजे तपशील आहे, आणि तरी आपण 'तपशील नाही' असा कोड लावला. एन७३.० चं पुस्तकातलं नाव 'ॲक्यूट पॅरामेट्रायटिस अँड पेल्व्हिक सेल्युलायटिस' आहे. ते नाव वाचून बरेच जण बिचकतात, 'डॉक्टरांनी तर हा शब्द लिहिलाच नाही' म्हणून. पण इंडेक्सने नेलंय तिथे जायचं.

पोटदुखीचा आर-कोड कापला ते बरोबर. ओटीपोट दुखणं हे या आजाराचंच लक्षण. निदान झालं की त्याच्या पोटातली लक्षणं वेगळी कोड करायची नाहीत.

'रूल आउट' चंही बोलून घेऊ. बाई भरती नव्हती, इमर्जन्सीतून घरी गेली. म्हणजे आउटपेशंटचे नियम. 'प्रॉबेबल', 'सस्पेक्टेड', 'लाइकली', 'रूल आउट' असं काहीही आउटपेशंटला कोड होत नाही. जेवढं पक्कं तेवढंच. भरती असलेल्या रुग्णाचं निदान डिस्चार्जच्या वेळी 'प्रॉबेबल' असेल तर ते आहे असं धरून कोड करतात. हा फरक नव्या मुलांच्या डोक्यात घोळतो. इथे ॲब्सेसचा प्रश्नच मिटला.

आता ए५६.११. औषधावरून आजार ठरवणं कोडरचं काम नाही, ऑडिटरचंही नाही. कोड डॉक्टरांच्या शब्दांवरून लागतो. आणि पुढचं सांगतो: उद्या टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि लॅबचा आकडा चार्टला चिकटला, तरीही डॉक्टरांनी 'क्लॅमिडियल पीआयडी' लिहीपर्यंत ए५६.११ लागत नाही. तेव्हा क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न टाकायचा. क्वेरीतही 'क्लॅमिडियल लिहू का?' असं तोंडात घालून विचारायचं नाही. 'रिपोर्ट असा असा आहे, निदानात काही बदल आहे का?' एवढंच.

मी आयसीडी-९ च्या काळापासून यात आहे. तेव्हा पीआयडीला ६१४.९ होता, सगळ्यांची हीच सवय होती. १ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिका आयसीडी-१०-सीएमवर गेली, आम्ही रात्रीचा दिवस करून शिकलो. कोड बदलले, सवय मात्र ६१४.९ वरून एन७३.९ वर आली.

हिरवाचाफा
गोदाकाठ सर, खूप धन्यवाद. वहीत लिहून घेतलं. एक शंका, एन७० पासून एन७७ पर्यंतचा सगळा गठ्ठा माझ्या डोक्यात एकच होऊन बसलाय. सुटा कसा करायचा?

गोदाकाठ
अवयवाने लावा, म्हणजे लक्षात राहतं. वरून खाली या. गर्भनलिका आणि बीजांडकोश एन७०. गर्भाशय एन७१. गर्भाशयाचं तोंड एन७२, याला पुढे ॲक्यूट-क्रॉनिक काही नाही, तीनच अक्षरी कोड. या सगळ्यांच्या भोवतीची जागा, म्हणजे बाजूचं ऊतक आणि पेरिटोनियम, एन७३. एन७४ दुसऱ्या आजारामुळे झालेल्या दाहासाठी राखीव. बार्थोलिन ग्रंथी एन७५. योनी आणि बाहेरचा भाग एन७६, एन७७.

सीएममध्ये एन७० ला पाचवं अक्षर लागतं. शेवटी १ म्हणजे फक्त नलिका, २ म्हणजे फक्त बीजांडकोश, ३ म्हणजे दोन्ही. रानजाईच्या चार्टमध्ये ॲब्सेस पक्का असता आणि डॉक्टरांनी ॲक्यूट म्हटलं असतं तर एन७०.०३ झाला असता, एन७३ नव्हे. कारण ट्यूबो-ओव्हेरियन ॲब्सेस इंडेक्समध्ये सॅल्पिंगो-ऊफोरायटिसकडे, म्हणजे नलिका आणि बीजांडकोश या दोन्हींच्या दाहाकडे पाठवतो.

कॉपर-टीमुळे संसर्ग झालाय असं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर आधी टी८३.६९, पहिल्या उपचाराला एक्स आणि ए जोडून, मग दाहाचा कोड. नुसती कॉपर-टी आहे म्हणून नाही. 'तिच्यामुळे' हा संबंध लिहिलेला हवा.

कृष्णामाई_डॉ
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करते. आम्ही 'पीआयडी' एवढंच का लिहून ठेवतो, हे दुसऱ्या बाजूने सांगते.

पीआयडीचं निदान बहुतेक वेळा हाताने होतं. ओटीपोटात दुखतंय, दुसरं कारण सापडत नाही, आणि तपासताना तीनपैकी एक जरी असलं (गर्भाशयाचं तोंड हलवल्यावर कळ, गर्भाशय दाबल्यावर दुखणं, किंवा बाजूला नलिकेच्या जागी दुखणं) तर उपचार सुरू करायचे, रिपोर्टची वाट बघायची नाही. कारण वाट बघण्याची किंमत नलिका मोजतात. एकदा नलिकेच्या आतलं नाजूक अस्तर चिकटलं की पुढे वंध्यत्व, नलिकेत गर्भ राहणं, वर्षानुवर्षं दुखणं. त्यामुळे आम्ही मुद्दाम उंबरठा खाली ठेवतो. काही बायकांना औषध विनाकारण जातं हे माहीत असून.

आणि औषधं एकाच जंतूसाठी नसतात. गोनोरिया, क्लॅमिडिया आणि योनीतले हवेविना वाढणारे जंतू, सगळ्यांवर एकदम पांघरूण घालायचं असतं. म्हणून तीन औषधं. डॉक्सी दिलं म्हणून क्लॅमिडिया हे त्या ऑडिटरचं गणित वैद्यकशास्त्रातही बसत नाही. कितीतरी बायकांमध्ये यातला कुठलाच जंतू सापडत नाही, तरी आजार खरा असतो.

आपल्याकडे लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तर रीतसर लक्षणांवरूनच औषध देतात. ओटीपोटात दुखणाऱ्या बाईला ६ नंबरचं पिवळं किट: सेफिक्झिम एकदा, मेट्रोनिडॅझोल आणि डॉक्सी १४ दिवस. आता कुणी पिवळं किट बघून 'क्लॅमिडिया' लिहायला लागलं तर काय अनर्थ होईल! माझ्याकडे येणाऱ्या बायका नवऱ्याच्या आणि सासूच्या देखत केसपेपर उघडतात. त्यावर काय लिहावं याचा मी चारदा विचार करते.

भीमथडी
डॉक्टर, फार महत्त्वाचं सांगितलंत. गडचिरोलीचं काम आठवलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. म्हणजे निदानाच्या कागदापर्यंत पोचणारी बाईच मुळात थोडी. जी पोचली तिचा कागद तरी नीट असावा.

फाइलवाला
मी विदर्भातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात एमआरडीत, म्हणजे रुग्णांच्या फाइली सांभाळणाऱ्या विभागात आहे. रानजाईताईंचं जग वेगळं, आमचं वेगळं. आम्ही जागतिक आरोग्य संघटनेचं मूळ आयसीडी-१० वापरतो. नवीन पोरं मात्र गूगल करून कोड शोधतात आणि गूगल दाखवतो अमेरिकेचा सीएम. मग आमच्या रजिस्टरमध्ये पाच अक्षरांचे कोड येतात जे मूळ पुस्तकात नाहीतच. एन७०.०३ आमच्याकडे नाही, आमचा एन७०.० तिथेच संपतो.

सगळ्यात जास्त घोळ क्षयरोगात. आपल्याकडे गर्भनलिकेचा टीबी दुर्मीळ नाही, वंध्यत्वाच्या तपासणीत सापडतो. मूळ पुस्तकात त्याला दोन कोड जोडीने: ए१८.१ खंजिराची खूण असलेला, आणि एन७४.१ तारा असलेला. खंजीर म्हणजे मूळ आजार, तारा म्हणजे तो कुठे दिसतोय ते. तारा एकटा कधीच लावायचा नाही, आणि आधी तर नाहीच. माझ्यासमोर अशा फाइली आल्यात जिथे नुसता एन७४.१ आहे. मग टीबीच्या आकडेवारीत ती बाई मोजलीच जात नाही! टीबी २०१२ पासून कळवणं बंधनकारक आहे, निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद लागते. डॉक्टरांनी नोंद केली असेल नसेल, पण आमच्या कोडवरून यादी काढली तर ती बाई त्यात दिसायला हवी.

दुसरा घोळ बाळंतिणीचा. फाइलवर 'पीआयडी' किंवा 'एंडोमेट्रायटिस' (गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा दाह) लिहिलेलं असतं आणि पोरगं एन७१.० लावतं. पान उलटून बघितलं तर नर्सिंगच्या नोटमध्ये 'बाळ आजीकडे' असं असतं. १२ दिवसांची बाळंतीण! बाळंतपण, गर्भपात, गरोदरपण यांच्याशी संबंध असेल तर एन-गठ्ठा लागतच नाही, गठ्ठ्याच्या डोक्यावरच तसं लिहिलंय. ओ-गठ्ठ्यात जायचं. बाळंतपणानंतरचा गर्भाशयाचा दाह आमच्या पुस्तकात ओ८५. गर्भपातात संसर्ग झाला तर ओ०३ ते ओ०६ मधलं चौथं अक्षर. गर्भपाताचा उपचार आधीच उरकलाय आणि आता फक्त संसर्गासाठी भरती आहे, तर ओ०८.०. बाळंतिणीचा संसर्ग एन७१ मध्ये गेला की वर्षाअखेरीला आमच्या दवाखान्यात बाळंतरोग शून्य दिसतो, आणि लेबर रूममध्ये काही सुधारायला हवं हे कुणाला कळत नाही.

मी आता पोरांना सवय लावली आहे: १५ ते ४९ वयाची बाई आणि ओटीपोटाचा संसर्ग दिसला की आधी शेवटच्या पाळीची तारीख आणि बाळंतपणाचा रकाना बघायचा, मग पुस्तक उघडायचं.

गोदाकाठ
फाइलवाला, उत्तम. अमेरिकेच्या पुस्तकात दोन्ही ठिकाणी वेगळं आहे, वाचणाऱ्यांचा गोंधळ नको म्हणून सांगतो. सीएममध्ये टीबीची पीआयडी एकाच कोडात, ए१८.१७, त्याला एन७४ जोडायचा नाही. एन७४ खाली तशी मनाईच आहे. गोनोरियाची ए५४.२४, क्लॅमिडियाची ए५६.११, ही पण तशीच एककोडी. आणि बाळंतपणानंतरचा एंडोमेट्रायटिस तिथे ओ८६.१२, ओ८५ नव्हे.

हिरवाचाफा
फाइलवाला दादा, 'अंगावरून पांढरं जातं' एवढंच लिहिलेलं असेल तर?

फाइलवाला
'ल्युकोरिया' एवढंच असेल तर एन८९.८. तो दाह नसलेल्या आजारांच्या गठ्ठ्यात आहे. आमच्या ओपीडीत या एका शब्दाखाली काय काय दडलेलं असतं ते डॉक्टरांनाच ठाऊक. पण लिहिलंय तेवढंच. बुरशीचा संसर्ग लिहिला असेल तर बी३७.३, ट्रायकोमोनास असेल तर ए५९.०.

अबोली_वाचक
मी कोडर नाही, रुग्ण आहे. धागा वाचून राहवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या नलिकेत पाणी साठलं होतं, हायड्रोसाल्पिंक्स. पोट इतकं दुखायचं की स्कूटरवरून खड्ड्यातून गेलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. दुर्बिणीतून नलिका काढली. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नव्हतं, हे डॉक्टरांनी पूर्वेतिहासात लिहिलं होतं. दवाखान्याच्या डेस्कवर क्लेमचा फॉर्म भरणाऱ्याने मुख्य निदान म्हणून वंध्यत्वाचा कोड टाकला. क्लेम नाकारला गेला, वंध्यत्वाचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत म्हणून. नाकारल्याच्या पत्रात 'एक्सक्लूजन १७' एवढंच. मी ते पत्र हातात घेऊन बसले होते. दुखण्यासाठी ऑपरेशन झालं होतं माझं, मुलासाठी नाही. आणि पत्रात मात्र माझं मूल नसणं लिहून आलं होतं.

शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशनची नोट आणि बायोप्सीचा रिपोर्ट जोडून दुरुस्तीचं पत्र दिलं, पाच महिन्यांनी पैसे मिळाले. कोड कुठला होता ते मला आज कळतंय.

फाइलवाला
ताई, वाचून वाईट वाटलं. त्यांनी एन९७.१ टाकला असणार, नलिकेमुळे आलेलं वंध्यत्व. तुमचा मुख्य कोड एन७०.१ होता, हायड्रोसाल्पिंक्स त्याच्यातच येतो. भरती ज्या कारणासाठी झाली ते मुख्य निदान. पूर्वेतिहास हा पूर्वेतिहासच.

बाकीच्यांसाठी: क्लेम फॉर्मचा भाग 'बी' दवाखाना भरतो, त्यात आयसीडी कोडचा रकाना असतो. डिस्चार्जच्या वेळी त्याची झेरॉक्स मागून घ्या. डिस्चार्ज कार्डवरचं पहिलं निदान आणि त्या रकान्यातलं पहिलं निदान एकच आहे का, एवढं बघायला डॉक्टर असावं लागत नाही.

कृष्णामाई_डॉ
अबोली, दुरुस्तीचं पत्र देणाऱ्या डॉक्टरांचं कौतुक. पण आमच्याही बाजूने चूक होते ती कबूल करते. आम्ही डिस्चार्ज कार्डवर 'प्रायमरी इन्फर्टिलिटी, लेफ्ट हायड्रोसाल्पिंक्स' असं एका ओळीत लिहितो, कुठलं आधी कुठलं नंतर याचा विचार न करता. डेस्कवरचा माणूस पहिला शब्द उचलतो. परवापासून मी ऑपरेशन कशासाठी केलं ते वेगळ्या ओळीत लिहायला लागले आहे.

परसदार
न्यू जर्सीहून लिहितेय. चार्टच्या पलीकडच्या टोकाला असलेली बाई म्हणून.

इथे प्रत्येकीला पेशंट पोर्टलवर आपली आजारांची यादी दिसते. माझ्या मैत्रिणीच्या यादीत एके दिवशी 'क्लॅमिडियल पीआयडी' आलं. तिची टेस्ट निगेटिव्ह होती, रिपोर्ट त्याच पोर्टलवर दोन ओळी खाली होता. घरातला टॅब्लेट दोघांचा. नवऱ्याने वाचलं. पुढचे तीन आठवडे त्या घरात काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. नोंदीत दुरुस्ती मागायचा हक्क कायद्याने आहे, हिपा या आरोग्याच्या माहितीबद्दलच्या अमेरिकी कायद्याखाली. लेखी अर्ज केल्यावर ६० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिने अर्ज केला, नोंद दुरुस्त झाली, डॉक्टरांनी स्वतः फोन करून नवऱ्याला समजावलं.

ती नोंद कोडरने केली की डॉक्टरच्या हातून चुकीचा पर्याय क्लिक झाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण रानजाई, तू रिबटल टाकच. पुण्यात रात्रपाळीला बसून कुणीतरी या गोष्टीवर झोप घालवतंय हे वाचून मला भरून आलं.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. परसदार, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

अपडेट: रिबटल टाकलं. गोदाकाठ सरांनी सांगितलेली इंडेक्सची वाट जशीच्या तशी लिहिली आणि आउटपेशंटच्या अनिश्चित निदानाचा नियमही जोडला. माझा एन७३.९ चूक होता हे आधीच मान्य केलं, म्हणजे बोलणं त्या बाईच्या कोडवरच राहिलं. आज उत्तर आलं. ए५६.११ मागे घेतला, अंतिम कोड एन७३.०. माझी एरर कायम आहे, ती योग्यच आहे.

दुसरं म्हणजे, टीम लीडशी बोलून मागच्या तीन महिन्यांतले आमच्या टीमचे ए५६.११ आणि ए५४.२४ लागलेले चार्ट काढायला सांगितले. ४१ निघाले. कालपासून मी आणि एक सहकारी शिफ्ट संपल्यावर तासभर बसून एकेक उघडतोय: डॉक्टरांनी जंतूचं नाव स्वतः लिहिलंय का, एवढंच बघायचं. १७ झाले, त्यातल्या ३ मध्ये कुठेच लिहिलेलं नाही. तिन्ही दुरुस्तीला पाठवलेत. उरलेले २४ या शनिवारी.

फाइलवाला
शनिवारी मीही आमचे एन७४ काढून बसतो. सोमवारी इथेच लिहितो.